आग्रह

पंगतीत पाहुण्याने पानावर आडवा हात धरला तरी वाढणारा जिलबी सोडतोच, आणि नाहीच सोडली तर पाहुणा घरी जाऊन ते बोलून दाखवतो. मागच्या एप्रिलमध्ये गोव्यात ही सवय आम्ही पानावरून पेल्यात नेली. तेव्हापासून ती मला पूर्वीसारखी निरागस वाटत नाही.

आम्ही सात जण होतो: बाबा, दादा-वहिनी, बावीस वर्षांचा पुतण्या, माझ्या कॉलेजातले दोन मित्र आणि मी. दिवसभरासाठी एक होडी ठरवली होती. जुवारीतून निघून कुंभारजुव्याच्या कालव्याने मांडवीत आलो. पणजीच्या धक्क्यावर तीन तासांचा थांबा होता, आणि मग काळोखात नेरूलच्या खाडीपर्यंत, मुक्कामाला जायचे होते.

ते तीन तास फोंतेन्यासच्या गल्ल्यांमध्ये गेले. पहिल्या दुकानात उभ्याउभ्याच उर्राक घेतला. काजूच्या बोंडांच्या रसाची ही पहिली धार. ती टिकत नाही, म्हणून पावसाळ्याआधी संपवावी लागते. लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची पंचविशी पूर्ण लागते, इथे अठरा पुरतात. त्यामुळे पुतण्या आजोबांसमोर पहिल्यांदाच उजळ माथ्याने पीत होता. दुसऱ्या दुकानात फेणी, तिसऱ्यात पुन्हा फेणी आणि तळलेला चणक. बाबा सोडा घेऊन बसले होते. दादाने एकदा विचारले, "बाबा, थोडी?" ते म्हणाले, "नको रे." विषय तिथेच संपला.

धक्क्यावर परतलो तेव्हा होडीवाला दोरी हातात घेऊन बसला होता. माझ्या मित्राने उरलेली बाटली पुढे केली. तो म्हणाला, "नाका, साहेब." मित्र म्हणाला, "अरे, एकच." तो हसला. मग दादा म्हणाला, "आमच्या आनंदासाठी." तिसऱ्यांदा मी म्हटले. वहिनीने पेला भरून त्याच्या हातात दिला, त्याने तो घेतला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

प्लेटोच्या 'लॉज'मध्ये मद्यपानावर बरीच चर्चा आहे, आणि ती आपल्या समजुतीपेक्षा उदार आहे. चाळिशी उलटलेल्यांनी वार्धक्याच्या शुष्कपणावर औषध म्हणून मद्याच्या देवतेला खुशाल बोलवावे, असे त्यातला अथेन्सचा म्हातारा म्हणतो. (आमच्या राज्याचा १९४९चा कायदाही आरोग्याच्या नावाखालीच परवाना देतो, दोघांच्या ढोंगात मला प्लेटोचे जास्त आवडते.) पिणाऱ्यांच्या मेळाव्यावर शुद्धीतला एक प्रमुख हवा, हेही तो सांगतो. शेवटी मनाईची यादी येते: मोहिमेवरचा सैनिक, अधिकारपदावर असलेला अधिकारी, कामावर असलेला सुकाणूधर आणि न्यायाधीश. त्याच यादीत दासही आहेत, आणि त्यांच्यासाठी कामाच्या वेळेची अटही नाही. म्हणजे 'पिऊ नकोस' हे वाक्य एकाला जबाबदारी देते आणि दुसऱ्याची जागा दाखवते. आमच्या होडीवाल्याला आम्ही यांपैकी नेमके कोण समजत होतो?

दादा आजही म्हणतो की त्याला वगळले असते तर तो अपमान झाला असता. सगळे पितात आणि चाकर उभा, हे चित्र त्याला नको होते. हे खोटे नाही. पण वगळू नये म्हणून एकदा विचारणे पुरे होते. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारले ते कशासाठी? बाबांचा नकार आम्ही पहिल्याच शब्दाला मानला, कारण ते बाबा. होडीवाल्याच्या नकाराला आम्ही सुरुवातीची घासाघीस समजलो. त्याचे उरलेले पैसे आणि वर काही द्यायचे ते आमच्या खिशात होते, हे त्याला ठाऊक होते आणि आम्हालाही. आग्रह करणाऱ्याला राग येऊ शकतो, आणि त्याच्या रागाची किंमत समोरच्याला मोजावी लागते, तिथे आग्रहाला पाहुणचार म्हणता येईल असे मला वाटत नाही. पंगतीत पाहुणा रुसू शकतो, म्हणून तिथला आग्रह चालतो. याला रुसण्याची सोय नव्हती.

त्याची होडी, त्याचा काळोख, समोर कॅसिनोंच्या बोटींचे डोळे दिपवणारे दिवे, पुढे नदीच्या तोंडाशी वाळूचे पट्टे. आणि आमच्यापैकी निम्म्यांना पोहता येत नाही. हे सगळे त्याच्या डोक्यात होते. आमच्या डोक्यात फक्त आमचा आनंद होता.

होडी निघाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. बाबा उठून मागे त्याच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी विचारले, "जेवलास का?" तो नाही म्हणाला. दुपारपासून काही खाल्ले नव्हते. आम्ही तीन दुकाने फिरलो, बाटली बरोबर आणली, पण त्याच्यासाठी एक पावही बांधून आणावा हे सातांपैकी कोणाला सुचले नव्हते. बाबांकडे गोळ्यांसोबत खायला ठेवलेला बिस्किटांचा पुडा होता. तो त्यांनी त्याच्या मांडीवर ठेवला, आणि एका हाताने सुकाणू धरून तो खाऊ लागला.

नेरूलला उतरताना मी टॉर्च मारला. इंजिनाच्या पेटीआड पेला होता, काठोकाठ तसाच. एवढ्या हेलकाव्यांत तो सांडू नये म्हणून त्याने त्याला दोरीच्या वेटोळ्यात नीट बसवले होते.