मोहल्ल्याची अमानत

नगरनियोजन शिकणारे विद्यार्थी एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या सोबतीने वस्तीत येतात. घरे मोजतात, नळ-गटारांची नोंद करतात, बायामाणसांना एकत्र बसवून ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारतात. काही महिन्यांत प्रकल्प पुरा होतो. विद्यार्थ्यांना गुण मिळतात, संस्थेचा अहवाल निघतो. वस्ती होती तिथेच असते. या व्यवहारात कोण कुणाचे देणे लागतो, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी असे विद्यार्थी क्वचितच फिरकतात. पण मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे पोटासाठी मुंबईला गेली आणि तिथल्या वस्त्यांत मोजली गेली. म्हणून उदाहरण मुंबईचे घेऊ.

२००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व विभाग सर्वांत तळाशी होता. निर्देशांक अवघा ०.०५. गोवंडी, मानखुर्द, देवनारचे डम्पिंग ग्राउंड, सगळे याच विभागात. आपली पुष्कळ माणसे तिथे राहतात. टाटा समाजविज्ञान संस्थाही देवनारलाच. तिने २०११ मध्ये, अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने, एम वॉर्ड प्रकल्प हाती घेतला आणि विद्यार्थी शेजारच्या गल्ल्यांत उतरले. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा मानला आहे हे सांगायला नको. उशिरा का होईना, शेजार ओळखला गेला, हे चांगलेच झाले. मात्र ०.०५ हा आकडा एकदा छापला गेला की तो वस्तीच्या कपाळावर बसतो. तिथल्या पोराला नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना हात आखडावा लागतो. त्या आकड्याच्या बदल्यात गल्लीला पाणी मिळाले का, हे विचारण्याचा अधिकार त्या पोराला आहे.

याउलटही घडलेले आहे. १९८५ मध्ये पदपथावरच्या झोपड्या हटवण्याविषयीचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता. तेव्हा ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळा परिसरातल्या पदपथांवरच्या सुमारे ६,००० कुटुंबांची मोजणी केली. ज्यांना सरकारदरबारी कुणी गणतीत धरत नव्हते, त्यांची पहिल्यांदाच नोंद झाली. पुढे त्याच बायकांची ‘महिला मिलन’ उभी राहिली. त्यांनी स्वतःच्या घराचे नमुने स्वतः बनवले, त्यांचे प्रदर्शन भरवले. पोटमाळा किती उंचीवर हवा, हे पदपथावर संसार केलेल्या बाईला वास्तुशास्त्राच्या पुस्तकापेक्षा नेमके कळते.

मोजणी तीच, कागद तोच. एका हातात तो राहण्याचा पुरावा होतो, दुसऱ्या हातात बुलडोझरची यादी. २०१९-२० मध्ये नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा घरोघरी पोहोचली, तेव्हापासून वही घेऊन आलेल्या माणसाला आपल्या मोहल्ल्यात आधी ‘कुठून आलात?’ असे विचारले जाते. या भीतीला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. आम्हाला ती शहाणपणाची वाटते. घरात किती माणसे, भाड्याचे की मालकीचे, कुणाकडे कागद नाहीत, ही माहिती म्हणजे अमानत आहे. आणि अमानत ज्याची त्याला परत करायची असते. ती विद्यापीठाच्या कपाटात राहिली, किंवा न विचारता तिसऱ्याच्या हाती गेली, तर ती खयानत ठरते. मग हेतू कितीही नेक असो.

मशवऱ्याचेही तसेच. कुरआनातल्या ४२ व्या सूरहचे नावच ‘अश्शूरा’ आहे. पण आराखडा आधी काढून नंतर मान डोलावून घेणे म्हणजे मशवरा नव्हे. इथे दोष बाहेरच्यांचाच असतो असेही नाही. विद्यार्थी आले की जमातीचे दोन-चार जाणते पुढे बसतात आणि सगळ्या मोहल्ल्याच्या वतीने उत्तरे देतात. पाण्याच्या रांगेत पहाटे उभी राहणारी बाई पडद्याआड चहा करत असते. तिच्यापर्यंत प्रश्न पोहोचलाच नाही, तर ते काम अर्धेच झाले, आणि त्या अर्ध्या कामाला आपणही जबाबदार आहोत.

मुंबईच्या नव्या विकास आराखड्यासाठी २०१२-१३ च्या सुमारास जमीन-वापराचे नकाशे निघाले. त्यांतल्या चुका दाखवायला वस्त्या आणि संघटना सरसावल्या. २०१५ चा प्रारूप आराखडा तर चुकांमुळे सरकारला नव्याने करायला लावावा लागला. आपली गल्ली नकाशावर कुठे आहे, हे दाखवता आले म्हणून लोकांचे बोलणे टिकले.

१९६६ चा नगररचना कायदा नगरपालिकेच्या गावालाही लागू आहे. विकास आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, मुदत संपते. उद्या एखाद्या महाविद्यालयाची मुले कळमनुरीत आलीच, तर चहापाणी जरूर करावे. पण आधी एवढे ठरवून घ्यावे की नकाशाची एक प्रत मराठीत, लोक म्हणतात त्याच गल्ल्यांच्या नावांनिशी, इथे राहील. शाळेत राहो, वाचनालयात राहो, मशिदीच्या हुजऱ्यात राहो. ती नसेल, तर सुनावणीच्या दिवशी आपला माणूस बोटाने जागा दाखवत राहतो आणि टेबलापलीकडून विचारले जाते, ‘सर्व्हे नंबर सांगा.’