देश-काल सांगून निघावे

नागपंचमी जवळ आली की पांढुर्णा आणि सौंसरच्या गल्ल्यांतून पचमढीची निघानिघ सुरू होते. सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातली नागद्वारची वाट एरवी बंद असते. नागपंचमीच्या सुमाराला ती दहाएक दिवस उघडते, आणि तीही ऐन पावसात. पहाडामागून पहाड, शेवाळलेला दगड, लोखंडी शिड्या, आणि धुके उतरले की चार हातांवरचा माणूसही दिसत नाही. पुढे दिवाळीच्या सुटीत याच भागातली कितीतरी कुटुंबे समुद्र पाहायला कोकणात उतरतात. रायगड जिल्ह्यातल्या हरिहरेश्वरला तर डोंगर आणि समुद्र एकाच वाटेवर भेटतात. देवळामागून चढण लागते, मग कड्याच्या चिरेतून अरुंद पायऱ्या थेट खाली काळ्या कातळावर उतरतात आणि समुद्राच्या कडेकडेने डोंगराला वळसा घालून प्रदक्षिणा देवळापाशी पूर्ण होते. नागद्वार आणि हरिहरेश्वर, दोन्ही वाटा देवाच्या आहेत आणि दोन्ही पायांची परीक्षा पाहणाऱ्या आहेत. अशा वाटेवर पायदळ निघण्याआधी माणसावर काही नैतिक बंधन असते का, की तो ज्याच्या त्याच्या हौसेचा आणि धाडसाचा प्रश्न आहे? माझे म्हणणे असे की बंधन असते, आणि ते उंबरठा ओलांडण्याआधीच पाळावे लागते.

आपल्याकडे कोणतीही पूजा संकल्पाशिवाय सुरू होत नाही. हातावर पाणी घेऊन गुरुजी आधी आपण कुठे बसलो आहोत ते म्हणवून घेतात: देश कोणता, नदीचा तीर कोणता. मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. त्यानंतर नाव आणि गोत्र, आणि सगळ्यात शेवटी काय करणार आहोत ते. मी कुठे आहे आणि कोणत्या वेळी आहे हे उच्चारल्याशिवाय काही करायचा अधिकार आपल्याला मिळत नाही, हे या रिवाजाने शेकडो वर्षे घोकून घेतले आहे. डोंगराचा किंवा समुद्रकाठचा बेत आखणे म्हणजे हाच देश-काल नीट जाणून घेणे. बेत आखणाऱ्याला भित्रा समजण्याची एक रीत अलीकडे पडली आहे, विशेषतः तरुणांत. मला ती फार चुकीची वाटते. ज्या जागेत आपण पाहुणे आहोत तिचे वेळापत्रक विचारून घेणे हा त्या जागेचा साधा मान आहे.

हे वेळापत्रक किती साध्या हिशेबात मावते ते हरिहरेश्वरच्याच उदाहरणाने पाहू. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करतात. जितकी तिथी, तिच्या पाऊणपट वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि तिच्या आधी व नंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. दिवाळीत भाऊबीज असते द्वितीयेला. दोनाचे पाऊणपट दीड, म्हणून भरती दुपारी दीडच्या आसपास आणि ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमाराला. अमावास्या नुकतीच झालेली असल्यामुळे हे उधाणाचे दिवस असतात आणि पाणी नेहमीपेक्षा वर चढते. तेव्हा भाऊबीजेला प्रदक्षिणा करायची तर उजाडल्यावर लगेच पायऱ्या उतराव्यात आणि समुद्र मागे हटलेला असतानाच वळसा पुरा करावा. निवांत नाश्ता करून, फोटो काढत बाराच्या सुमाराला कातळावर उतरणारे कुटुंब कोणत्याही बाजूने चुकीचे दिसत नाही. ऊन छान असते, खडक कोरडा असतो, मुले हसत असतात. फक्त पुढच्या तासाभरात एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला चढते पाणी अशी त्यांची गत होणार असते. जाम आणि कन्हानच्या काठी वाढलेल्या माणसाला पुराचा लोंढा कळतो, पण समुद्र पूर न येताही दिवसातून दोनदा चढतो हे त्याच्या हाडात मुरलेले नसते. तसेच मुंबईहून सातपुड्यात येणाऱ्याला भरती कळते, पण डोक्यावर निळे आभाळ असताना वरच्या पहाडावर पडलेल्या पावसाने नाला क्षणात भरून येतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते. दोघेही अडाणी नाहीत. दोघांनीही विचारायला हवे होते, एवढेच.

आता पहिला आक्षेप येतो तो असा: जीव माझा, धोका माझा, इतरांना काय त्याचे? हा आक्षेप ऐकायला बाणेदार आहे, पण घडलेल्या गोष्टींपुढे तो टिकत नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पाणी अचानक वाढले आणि एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. अशा प्रत्येक वेळी कोणीतरी पाण्यात उतरते, कोणीतरी दरीत दोर सोडते. सह्याद्रीत हे काम बहुतांशी स्वयंसेवक करतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची माणसे आपापली कामे टाकून रात्री-अपरात्री निघतात. आपल्या सातपुड्यात तशी पथके हाताशी नसतात. तिथे हरवलेल्याला शोधायला जातात ते वनरक्षक आणि जवळच्या पाड्यातले गोंड, कोरकू, भारिया लोक, बहुधा हातात एक विजेरी आणि अंगावर भिजलेले घोंगडे घेऊन. ज्याने बेत आखला नाही त्याने आपला धोका स्वतःकडे ठेवलेला नसतो. तो न विचारता या माणसांच्या खांद्यावर टाकलेला असतो, आणि त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत असते. जीव माझा म्हणणाऱ्याने कधी हाही विचार करावा की आपल्यासोबतची लहान पोरे आणि भरवशाने मागे चालणारी भावंडे हा धोका स्वतः निवडून आलेली नाहीत.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे आणि तो मी अधिक आदराने घेतो. देवाच्या वाटेवर हिशेब कसला, तो बोलावतो आणि तोच सांभाळतो, असे म्हणणारी माणसे मनापासून म्हणतात. पण मराठी माणसाने श्रद्धेने चाललेली सगळ्यात मोठी वाट कोणती? आळंदी ते पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटरची वारी. तिच्याइतकी काटेकोर आखलेली पदयात्रा शोधून सापडणार नाही. प्रस्थानाची तिथी ठरलेली, मुक्काम ठरलेले, दिंड्यांना क्रमांक, कोणती रथापुढे आणि कोणती रथामागे हेही ठरलेले, आणि चोपदाराने चोप वर केला की हजारोंचा गलका शांत होतो. हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला घालून दिलेली ती शिस्त वारकऱ्याला कधी भक्तीच्या आड आल्यासारखी वाटली नाही. नागद्वारला जाणारी जुनी मंडळेही असेच वागतात. अनेक वर्षे गेलेला एक पुढारी, शिधा आधी पोचवलेला, जेवणाची सोय कोणत्या टप्प्यावर ते ठरलेले, आणि प्रत्येक शिडीनंतर माणसे मोजलेली. हेच तिसऱ्या आक्षेपालाही उत्तर आहे, की बेत आखणे ही पैसेवाल्यांची चैन आहे, गरीब यात्रेकरू साध्या चपलांनी जातो त्याला हे कुठले परवडते. उलट त्या यात्रेकरूचा बेत बऱ्याचदा पक्का असतो, कारण तो एकटा निघत नाही आणि विचारायला लाजत नाही. भरतीची वेळ विचारायला पैसे पडत नाहीत. गाडीतून उतरून तडक कड्याकडे धावणाऱ्याला मात्र ती विचारायची गरज वाटत नाही.

प्रशासनाने कठडे बांधावेत, फलक लावावेत, धोक्याच्या वेळी वाट बंद करावी, हे मला पूर्ण मान्य आहे आणि त्यासाठी भांडलेच पाहिजे. 2023मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून आपला वेगळा जिल्हा झाला, तेव्हा यात्रेला निघणाऱ्या आपल्या माणसांना निघण्यापूर्वीच नीट माहिती मिळावी ही मागणी आता इथेच करता येते. तरीही फलक वाचून मागे फिरायचे की नाही, हे शेवटी पायच ठरवतात. आणि बेताची खरी कसोटी मला तिथेच दिसते. निघायचे कधी हे सगळेच ठरवतात. मागे कधी फिरायचे हे ठरवणारे थोडे. परतीची वेळ घरी, शांत डोक्याने, शिखर नजरेत नसताना ठरवावी लागते, कारण शेवटचा चढ समोर दिसू लागल्यावर कोणाचेही मन निष्पक्ष राहत नाही. इथवर आलो, अर्धा तास तर उरला, बरोबरचे काय म्हणतील: ही कारणे त्या क्षणी अगदी खरी वाटतात. सोबतीत जो वडील किंवा पुढारी आहे त्याने ठरलेल्या वेळी दर्शन न घेता मागे वळायला लावले, तर त्याच्यावर रुसू नये. चोख बेत करूनही पहाडात अपघात होतात, पाऊस अंदाज मोडतो, पाय मुरगळतो. अशा वेळी बेत माणसाला वाचवेलच असे नाही. मात्र शोधायला निघालेल्यांना कोणत्या नाल्यापासून सुरुवात करायची हे तरी त्याच्यामुळे कळते.

म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री अर्धा कागद पुरेसा आहे. कोण कोण चाललो, त्यांची नावे. कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार. किती वाजता, जिथवर पोचलेलो असू तिथून, मागे फिरणार. आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर घरच्यांनी कोणाला कळवायचे. ज्या खिळ्याला भिंतीवरचे कॅलेंडर टांगलेले असते त्यालाच हा कागद अडकवावा. भरतीसाठी लागणारी तिथीही तिथेच पाहायला मिळते.