रोजची भाकर आणि मुकादमाची उचल

दसरा उलटला म्हणजे धारूरच्या डोंगरपट्ट्यांतील गांवें हळूहळू रिकामीं होऊं लागतात. उचल घेतलेलीं जोडपीं बिऱ्हाड व लहान मूल बरोबर घेऊन ऊसतोडीस सांगली, कोल्हापूर किंवा पलीकडे कर्नाटकांत जातात, तीं बहुधा उन्हाळा लागल्यावरच परततात. नवराबायको मिळून त्यांचा हिशेब 'एक कोयता' असा होतो. माणसाचें नांव तेथें हत्याराच्या नांवांत बुडून जातें. बालाघाटाची जमीन उथळ व मुरमाड, पाऊस बेभरंवशाचा. एका पिकावर वर्ष काढावें तरी कसें? अशा वेळीं मंडळींतल्या एखाद्या बंधूच्या तोंडून आम्ही ऐकतों, कीं देवावर भरंवसा असता तर हीं माणसें मुकादमाच्या दारीं गेलीं नसतीं. हें बोलणें कानाला धार्मिक लागतें खरें, परंतु तें आमच्या मनास पटत नाहीं.

प्रिय वाचकहो, रूथचें पुस्तक पुन्हां उघडून पाहा. बेथलेहेम ह्या नांवाचा अर्थच 'भाकरीचें घर', आणि त्याच गांवीं दुष्काळ पडला. अलीमलेख बायकामुलांस घेऊन मवाब देशांत गेला. शास्त्र त्याला तेवढ्यासाठीं अविश्वासू म्हणत नाहीं. तो गेला एवढेंच सांगतें. पुढें नवरा व दोन्ही मुलगे गमावून नामी परतली, ती सून रूथ हिच्यासह, जवाच्या कापणीच्या आरंभीं. त्या दोघींस देवानें कसें पोसलें? मान्ना पडला नाहीं, एलीयाकडे आले तसे कावळे भाकरी घेऊन आले नाहींत. शेताचे कोपरे कापूं नयेत, पडलेला सरवा गरिबांसाठीं व परक्यांसाठीं सोडावा, असें मोशेच्या नियमशास्त्रांत सांगितलेलें होतें. बवाजानें तें पाळिलें, आणि त्याहून पुढें जाऊन पेंढ्यांतून कांहीं कणसें मुद्दाम टाकावीं असें गड्यांस बजाविलें. रूथ संध्याकाळपर्यंत वांकून वेंचीत राहिली, तेव्हां सुमारें एफाभर जव तिच्या पदरीं पडले. सरवा म्हणजे काय हें आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. ज्यांच्या आजीनें दुसऱ्याच्या रानांत ज्वारीचीं कणसें वेंचलीं, ते हा अध्याय पंडितांहून अधिक जाणतात.

ह्यांत देवाची तरतूद कोणती आणि माणसाची कोणती, हें आम्हांस वेगळें काढतां येत नाहीं. मात्र एक गोष्ट दिसते. भरंवशाची परीक्षा एकट्या रूथची झाली नाहीं, बवाजाचीहि झाली. दुष्काळ पाहिलेल्या गांवांत त्यानें कोठाराकडे जाणारीं कणसें जमिनीवर सोडलीं. पुढील वर्षींहि देव पाऊस देईल असें मानल्यावांचून हें कोणाच्यानें करवत नाहीं.

पंडिता रमाबाईंनीं हा प्रश्न लहान वयांतच भोगला होता. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आईबाप व बहीण गेलीं. जवळचें द्रव्य दानधर्मांत व अनुष्ठानांत संपलें, आणि मजुरी करावी तर कुळाचा अभिमान आड आला, असें पुढें त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. म्हणून १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या केवळ प्रार्थना करीत बसल्या नाहींत. मध्यप्रांतांत जाऊन त्यांनीं सुमारें ३०० मुली व स्त्रिया आणिल्या. अमेरिकेंतील साहाय्यक मंडळाचें दहा वर्षांचें वचन १८९८ मध्यें संपावयाचें होतें. इतक्या तोंडांस अन्न कोठून येणार हें ठाऊक नव्हतें. ब्रिस्टल येथील अनाथांचे पालक जॉर्ज म्युलर ह्यांची हकीकत त्यांनीं वाचली होती, आणि त्या देवाजवळ मागत. परंतु केडगांवीं विहिरीहि खणविल्या, रान लागवडीस आणिलें.

विश्वास ठेवला कीं कणगी भरते, असा सौदा प्रभूनें कोठेंहि केलेला नाहीं. दुष्काळांत विश्वासूहि मेले आहेत. १९७२ सालीं आमच्याकडील पुष्कळांनीं खडी फोडून, नाक मुरडीत लाल मिलो खाऊन दिवस काढिले, आणि त्याहि अन्नावर आभार मानिले. तेव्हां ऊसतोडीस जाणाऱ्यास कोणी दोष देऊं नये. विचारावयाचें तें दुसरेंच. भाद्रपदांत घरांतले दाणे संपले, मूल तापानें फणफणलें, तेव्हां तो बंधु प्रथम कोणाच्या दारीं गेला? मंडळीच्या दारीं त्याला प्रार्थना मिळाली आणि मुकादमाच्या दारीं पैसे, असें झालें असेल, तर अविश्वास कोणाचा? याकोबानें आपल्या पत्रांत उघड्या-उपाशी भावास नुसत्या आशीर्वादानें वाटेस लावणाऱ्यांविषयीं लिहिलें आहे. ती उचल एका हंगामांत फिटली नाहीं तर पुढच्या वर्षावर चढते, आणि आजारी बाईहि खाड्याचा दंड पडेल ह्या धाकानें फडांत उभी राहते. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत भाकर मागावयाची ती एकट्यापुरती नव्हे. म्हणून ज्याच्या कणगींत चार पायली ज्वारी आहे, त्यानें ती प्रार्थना करितांना शेजारच्या घराकडेहि पाहावें.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे, कीं टोळ्या निघण्यापूर्वींच घरोघर जावें. मागें कोणतीं म्हातारीं माणसें राहणार, त्यांना दळण कोण आणून देणार, शाळेंत जाणारीं मुलें कोणाच्या घरीं ठेवतां येतील, हें लिहून घ्यावें. आणि हंगामाचें दान मंदिरांत येईल तेव्हां त्यांतील कांहीं पोतीं विकून न टाकतां पुढच्या भाद्रपदासाठीं कोरड्या जागीं ठेवावीं, राख व कडुलिंबाचा पाला घालून, म्हणजे किडा लागणार नाहीं.