उजेडाची साक्ष

साडीच्या दुकानात गेलेली जाणती बाई दुकानदाराच्या दिव्यावर विश्वास ठेवीत नाही. पदर हातावर घेऊन ती दुकानाच्या पायरीपर्यंत येते आणि उन्हात धरून पाहते. आतला दिवा धंद्याचा. बाहेरचे ऊन कोणाच्याच पदरी चाकरीला नाही. म्हणून उन्हाची साक्ष खरी, असा तिचा साधा न्याय असतो आणि तो तिला जन्मभर पुरतो. प्रवाळांच्या मत्स्यालयापुढे मात्र या न्यायाची पंचाईत होते.

आपल्याकडे असली मत्स्यालये घरोघरी दिसत नाहीत. ज्यांचे खडक बनतात ते कठीण प्रवाळ २००१ साली वन्य जीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, आणि ते योग्यच झाले. ज्याला हौस असेल त्याने मालवणला जाऊन समुद्रातच पाहावेत. पण अमेरिकेत हा छंद मोठा आहे, आणि तिकडे स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याच्या दिवाणखान्यात अशी एक काचेची पेटी आहे. तिच्यावर निळे दिवे असतात. ही नुसती शोभा नव्हे. समुद्राचे पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा रंग आधी गिळते. दहा मीटर खाली गेले की तो जवळजवळ संपतो, आणि निळा सर्वांत खोलवर पोचतो. प्रवाळाच्या अंगात जे सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून असते ते या उजेडावर अन्न तयार करते आणि भाड्यापोटी त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. शिवाय कित्येक प्रवाळांत अशी प्रथिने असतात की ती निळा प्रकाश घेतात आणि हिरवा, नारिंगी किंवा तांबडा परत करतात. असले हिरवे प्रथिन १९६२ साली ओसामु शिमोमुरा यांना एका जेलीफिशमध्ये आढळले. त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळायला २००८ साल उजाडले. दोन सहकारी मानकऱ्यांसह ते त्यांना मिळाले.

आता या पेटीचे छायाचित्र घ्यायला जावे तर कॅमेरा सगळे निळेच करून टाकतो. जणू कोणी शाईची दौत लवंडली. आपला डोळा चार-दोन मिनिटांत निळ्याला सरावतो आणि तो हिशेबातून वजा करतो. कॅमेऱ्याला हे सरावणे ऊन, बल्ब आणि ट्यूबलाइट यांच्यापुरते शिकवलेले असते. एवढ्या निळाईपुढे त्याचा निळा रकाना काठोकाठ भरतो आणि तांबडा रिकामा राहतो. यावर छंदी लोकांनी उपाय काढला आहे. भिंगापुढे नारिंगी काच धरायची. ती दिव्याचा निळा प्रकाश अडवते आणि प्रवाळाने परत केलेली झळाळी तेवढी आत सोडते.

पुतण्याने एकाच प्रवाळाची तीन छायाचित्रे आईला पाठवली. एक शाईसारखे, एक नारिंगी काचेतून घेतलेले आणि पेटत्या निखाऱ्यासारखे, एक पांढऱ्या दिव्याखालचे, मातकट तपकिरी. वहिनींनी एकच प्रश्न केला, “अरे, मग ह्यातला खरा कुठला?”

साडीच्या न्यायाने पाहिले तर तपकिरी खरा. पण दहा-वीस मीटर खाली वाढलेल्या जिवाने पायरीवरचे ऊन कधी पाहिलेलेच नसते. त्याला त्या उन्हात उभे करून रंग विचारणे म्हणजे कोकणातल्या माणसाला परमुलखात नेऊन त्याची बोली तपासण्यासारखे आहे. मग कॅमेऱ्याचा निळा खरा म्हणावा, कारण यंत्र खोटे बोलत नाही? यंत्र खोटे बोलत नाही हे कबूल, पण त्याने टिपलेला रंग त्या खोलीतल्या एकाही माणसाने पाहिलेला नाही. भाषा न कळता प्रत्येक शब्द जसाच्या तसा उच्चारणारा साक्षीदार प्रामाणिक असतो. त्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही.

मी नारिंगी काचेच्या बाजूने आहे. ती आपल्या पदरचे काही घालीत नाही. डोळा जे वजा करतो तेच ती वजा करते. अर्थात डोळ्यापेक्षा जरा सढळ हाताने करते, म्हणून चित्र पेटीशेजारी धरून ताडून पाहावे. नंतर यंत्रावर रंग चढवीत बसणे ही निराळी गोष्ट, आणि तिथे प्रामाणिक माणसाचाही हात सैल सुटतो. आपली आठवण मुळात हावरी असते.

दोन-तीन सेंटीमीटरचे प्रवाळाचे तुकडे तिकडे छायाचित्रावर विकले जातात. गिऱ्हाईक निखारा पाहून पैसे मोजते आणि घरी खापराचा तुकडा येतो. विक्रेता म्हणतो, प्रवाळ हाच, दिवा हाच. शब्द न शब्द खरा, आणि तरी फसवणूक. काही विक्रेते मात्र दिवा कोणता, काच कोणती हे चित्राखाली लिहितात. असा दुकानदार आपण होऊन तुम्हाला पायरीपर्यंत घेऊन येतो.

याहून मला टोचते ते आणखी वेगळेच. पाणी तापले की प्रवाळ आपल्या अंगातले शैवाल गमावतो आणि पांढरा पडतो. परंतु काही प्रवाळ या संकटात उलट अधिक झळाळतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचे कारण दिले आहे: भाडेकरू गेल्यावर उघड्या पडलेल्या सांगाड्यातून निळा प्रकाश आत जास्त खेळतो आणि त्याने रंगीत प्रथिने वाढतात. ती उन्हापासून आडोसा करतात, म्हणजे शैवालाला परत येणे सुसह्य व्हावे. रिकाम्या घराने दारात लावलेली ही आरासच म्हणायची. आणि निळ्या दिव्याखाली हा आजारी जीवच सर्वांत देखणा दिसू शकतो. वाहवाही त्याच्याच चित्राला मिळते.

म्हणून मुरलेले लोक अधूनमधून निळे दिवे विझवून पांढरा दिवा लावतात. त्या उजेडात सौंदर्य कळत नाही. अंगावर फिकट चट्टा पडला आहे काय, एवढे कळते. पांढरा उजेड निळ्यापेक्षा अधिक सत्यवादी आहे असे मला वाटत नाही. तो दुसरा प्रश्न विचारतो, एवढेच. पण ज्याला त्या जिवाचा सांभाळ करायचा आहे त्याला हा दुसरा प्रश्न टाळून चालत नाही.

पुतण्या आता दर रविवारी पांढऱ्या दिव्याखाली एक छायाचित्र घेतो आणि तारीख घालून जपून ठेवतो. दिवाळीत सगळ्या नातेवाइकांना तो निखाऱ्याचीच चित्रे पाठवतो. रविवारची कोणाला पाठवीत नाही. वहिनींनी यंदा ती मागवून घेतली आहेत.