करुणेचा रंग

दिवाळी तोंडावर आली की घरोघर रंगांची चर्चा सुरू होते. आकाशकंदील लाल घ्यावा की पिवळा, रांगोळीत मोरपंखी भरावा की जांभळा, या वादात आम्हा वडीलधाऱ्यांना सहसा कोणी विचारीत नाही. म्हणूनच परवा संध्याकाळी माझ्या भाचीने, "मामा, जरा इकडे या न, एक रंग सांगा," अशी हाक मारली, तेव्हा मी हातातले वर्तमानपत्र टाकून लगबगीने उठलो.

ही माझी भाची चित्रकार आहे. पण तिच्या खोलीत ना टर्पेंटाइनचा वास, ना रंगांनी बरबटलेली फडकी. एका गुळगुळीत पाटीवर ती लेखणी फिरवते आणि रंग संगणकाच्या पडद्याच्या कडेला मांडलेल्या चौकटींतून उचलते. त्या दिवशी पडद्यावर शेजारी शेजारी दोन चित्रे होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातील घर, ओट्यावर बसलेली एक बाई, मागे खुंटीवर एक दुपट्टा. घरधन्याने कर्जापायी दोन वर्षांपूर्वी जीव दिला होता. मदतनिधी गोळा करणाऱ्या एका संस्थेला पुस्तिकेसाठी हे चित्र हवे होते, आणि भाची त्यासाठी मुद्दाम त्या घरी जाऊन आली होती.

पहिल्या चित्रात भिंत निळीशार, बाईचे लुगडे पिवळे आणि त्याला लाल काठ, दाराशी झेंडू. दुसऱ्या चित्रात रेषा त्याच. पण सगळ्यावर जणू राख पसरलेली. संस्थेने दुसरे पसंत केले होते.

"एक रेघ इकडची तिकडे केली नाही मी, मामा," ती म्हणाली. "मग खोटं बोलल्यासारखं का वाटतंय?"

मी आधी तिची समजूत घालू लागलो. म्हटले, अगं, हे तर फार जुने आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला रंग नेमून दिला आहे. शृंगाराचा श्याम, हास्याचा पांढरा, रौद्राचा लाल, अद्भुताचा पिवळा. आणि करुणाचा कपोत, म्हणजे पारव्याच्या पाठीवरचा राखी रंग. तुझ्या संस्थेने नकळत शास्त्रच पाळले! शिवाय आपली भाषाही हेच सांगते. रंग, राग, रंजन, अनुरक्त, विरक्त हे सारे शब्द एकाच 'रंज्' धातूची लेकरे. मन गुंतणे म्हणजे रंगणे आणि मन सुटणे म्हणजे रंग उतरणे, असे ज्यांनी मानले त्यांना रंगाने भाव जागवणे ही लबाडी वाटली नसणार.

आणि खरा रंग म्हणजे तरी काय? वैशाखातल्या दुपारी नागपूरचे ऊन असे तळपते की समोरचा गुलमोहरसुद्धा फिकट दिसतो. तोच पावसाच्या सरीनंतर डोळ्यांत भरतो. यांतला खरा गुलमोहर कोणता? फ्रान्समध्ये गोबलँच्या प्रसिद्ध कारखान्यात शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगकामाचा प्रमुख होता. तिथला काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपास केला तेव्हा आढळले की रंगात काही दोष नाही. शेजारी निळे-जांभळे धागे आले की काळा दुबळा भासतो. रंग शेजाऱ्यांमुळे बदलतो, हा सिद्धान्त त्याने १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. मग जो रंग शेजार बदलताच पालटतो, त्याच्याकडून सत्याची साक्ष कशी मागायची?

भाचीने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मामा, ती भिंत त्या बाईंनी स्वतः रंगवली आहे. यंदाच्या पोळ्याला. मुलगा हट्ट धरून बसला म्हणून."

माझे शास्त्र तिथेच थांबले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला आपल्या नागपूरची मारबत आठवली. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत वाजतगाजत निघते, गावाची रोगराई आणि इडापिडा सोबत नेते आणि शेवटी तिचे दहन होते. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून मी ती पाहिली आहे. काळीचा संबंध लोकस्मृती भोसल्यांच्या घराण्यातील बाकाबाईंशी आणि त्यांनी इंग्रजांशी केलेल्या हातमिळवणीशी जोडते. इतिहासात त्यांची बाजू काय होती, कोणता पेच होता, हे त्या गर्दीत कोण विचारतो? काळा रंग फासला की निकाल लागला. इतक्या पिढ्यांनंतरही त्यावर अपील नाही.

बरे, काळा म्हणजे पापच असेही नाही. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यात जन्मले, १९३९ ते १९४३ या काळात आपल्याच नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि १९५० साली फ्रान्सला गेले. त्यांच्या पुढच्या चित्रांतला तो प्रसिद्ध काळा बिंदू अंताचा नव्हे, आरंभाचा आहे. त्यातून सगळे रंग उगवतात. म्हणजे रंगाला स्वतःचे पाप-पुण्य नाही. तो कोणावर चढवला आणि कोणी चढवला, यावर सारे अवलंबून.

इथे मला प्रश्नाची गाठ सापडल्यासारखी वाटली. नाटकातल्या राजाला भरतमुनींनी कोणताही रंग द्यावा. प्रेक्षकाला ठाऊक असते की हे नाटक आहे. कथाचित्रातली नायिका चित्रकाराने निळ्या सावलीत बुडवावी. ती त्याचीच मानसकन्या आहे. पण ओट्यावरची ती बाई कोणाच्या कल्पनेतली नाही. तिचे चित्र पाहणारा ते साक्ष म्हणून पाहतो. तिच्या भिंतीवरची राख ही तिच्या दुःखाची नव्हती. आपण तिच्या दुःखाविषयी बांधलेल्या कल्पनेची होती. आपल्याला दया सोपी जावी म्हणून आपण तिच्या घराचा रंग खरवडून काढीत होतो.

पूर्वी हा मोह जरा महाग होता. रविवर्म्यांच्या चित्रांसाठी १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला, तेव्हा प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. चित्राचा भाव पालटायचा तर कारागिराने पुन्हा दगड तयार करावे लागत. त्या अवधीत दोनदा विचार व्हायचा. आज पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात. त्यांच्या मिश्रणातून १,६७,७७,२१६ छटा तयार होतात, आणि एक खूण बोटाने डावीकडे सरकवली की साऱ्यांचा गडदपणा ओसरून राख उरते. श्रम संपले, विवेक मात्र स्वस्त झाला नाही.

तरीही एक शंका मला सोडीना. राखी चित्र पाहून चार पैसे अधिक जमले असते, तर ते त्या बाईच्याच हाती पडले असते ना? आपल्या सचोटीची किंमत तिने का मोजावी? या शंकेला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. एवढेच वाटते की, जी दया माणसाला आधी बेरंग करते, ती त्याला पुढेही तसेच राहायला सांगते. उद्या त्या घरात कोणी हसले, नवे लुगडे आणले, तर आपल्यालाच फसवणूक झाल्यासारखे वाटेल. आणि ती पुस्तिका त्या मुलाच्या हाती गेली तर? आपल्या हट्टाने रंगलेली भिंत तो त्यात शोधील.

सकाळी मी भाचीला एवढेच सांगितले, "जे चित्र त्या माउलीला समोर बसवून दाखवता येईल, ते पाठव."

तिने तिसरे चित्र केले. भिंत निळीच ठेवली, लुगडे पिवळेच; झेंडूही राहू दिला. दिवस कलल्याचा उजेड तेवढा आणला. आणि राखी रंग एकाच ठिकाणी वापरला, खुंटीवरच्या दुपट्ट्याला. निळ्या भिंतीच्या शेजारामुळे तो राखी रंग किंचित तांबूस भासत होता. कोणी आत्ताच खांद्यावरून उतरवून ठेवावा तसा. मी त्या चित्राकडे फार वेळ पाहू शकलो नाही.

संस्थेने ते परत पाठवले. हवा तो परिणाम साधत नाही, असे कळवले. भाचीचे मानधन गेले. दिवाळीच्या खरेदीत तिने त्याची कसर काढली. मात्र त्या चित्राची एक प्रत तिने चौकट करून त्या खेड्याला धाडली आहे. ती पोचली की नाही, हे अजून समजलेले नाही.

आज ती अंगणात रांगोळी घालीत बसली आहे. मघाशी तिने विचारले, "मामा, इथे कोणता भरू?" मी म्हटले, "निळा भर."