ग्रिनेलचें वादळ
(वाचावयाचा भाग : लूक १३ : १-५)



अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत पावशीक नांवाचा एक परगणा आहे. चोहोंकडे मका व सोयाबीन यांचीं शेतें. उत्तरेकडील बर्फाळ वारा अडविण्यास तेथें डोंगर नाहीं, आणि दक्षिणेस मेक्सिकोच्या आखातावरून येणारी ओलसर हवा रोखण्यासही नाहीं. म्हणून जानेवारींत जमीन दगडासारखी गोठते, तर जुलैंत माणूस उकाड्यानें हैराण होतो. वर्षाकाठीं सुमारें ३६ इंच पाऊस पडतो, आणि त्याचा मोठा भाग एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे पेरणीच्या व उभ्या पिकाच्या दिवसांतच, पडतो. पेरणी व कापणी खंडणार नाहींत, असें देवानें नोहाला वचन दिलें. त्याची साक्ष तेथील शेतकऱ्यास दरवर्षीं मिळते.

परंतु ज्या दोन हवांच्या भेटीनें पाऊस येतो, त्यांच्याच झगड्यांतून भयंकर वावटळीही उठतात. त्या परगण्यांतील ग्रिनेल हें गांव १८५४ सालीं एका पाळकाच्या पुढाकारानें वसलें. तेथें दारू विकूं नये, अशी अट जमिनीच्या खरेदीखतांतच घातलेली होती. अशा गांवावर १७ जून १८८२ रोजीं चक्रीवादळ कोसळलें. थोडक्या वेळांत घरें जमीनदोस्त झालीं, कॉलेजच्या इमारती पडल्या व अनेक माणसें दगावलीं.

आतां विचार करा. हे लोक इतरांहून अधिक पापी होते काय? शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हां प्रभूनें हाच प्रश्न विचारला, आणि "नाहीं" असें स्वतःच उत्तर दिलें. मग त्यानें मेलेल्यांवरची दृष्टि काढून ऐकणारांवर लाविली : तुम्हीच पश्चात्ताप करा.

१० आगस्ट २०२० रोजीं त्याच परगण्यावरून पुन्हा सोसाट्याचा वारा गेला व उभा मका आडवा झाला. वाऱ्यानें प्रार्थना करणाऱ्याचें शेत व न करणाऱ्याचें शेत असा भेद केला नाहीं.

आपल्या शेतावर गारा पडल्या, तर शेजारी म्हणतात, "यांनीं देव सोडले, म्हणून हें झालें." तें ऐकून आपणांस दुःख होतें. पण शेजाऱ्याचा बैल मेला म्हणजे आपणही मनांत म्हणतों ना, "देवानें त्याला बरी शिक्षा केली"? बंधूंनो, हे दोन्ही बोल एकाच मुळाचे आहेत, आणि प्रभूनें तें मूळच उपटून टाकिलें आहे.

ग्रिनेलच्या लोकांनीं दोष कोणाचा हें शोधीत न बसतां कॉलेज पुन्हा उभें केलें. तें आजही चालू आहे. तर मग पुढल्या पावसाळ्यांत कोणाचें छप्पर उडाल्याचें ऐकाल, तेव्हां त्याचें पाप शोधूं नका. आधीं आपलें अंतःकरण तपासा, आणि मग दोर व बांबू घेऊन त्याच्या दारीं जा. तो मंडळीचा असो वा नसो.

प्रभु आपणां सर्वांस अशी बुद्धि देवो. आमेन.