कारण आणि दोष

वॉशबेसिनखालचा पितळी नट रात्रीतून तडकतो आणि सकाळी घरभर पाणी साचलेले असते. अशा वेळी ‘हे कशामुळे झाले?’ असे विचारले जाते; परंतु त्या प्रश्नाचा आशय बहुधा ‘हे कोणी केले?’ असाच असतो. मग ज्याचा हात त्या नटाला शेवटचा लागला, त्या प्लंबरची मजुरी कापली जाते. कारणाचा शोध आणि दोषाची वाटणी ही दोन भिन्न कार्ये आहेत, हा विवेक येथेच सुटतो.

न्यायशास्त्राने तो कसोशीने जपला आहे. कार्यापूर्वी जे जे उपस्थित असते ते सारेच कारण नव्हे. मडक्यासाठी माती वाहून आणणारे गाढव आणि कुंभाराचा पिता यांना त्या शास्त्राने ‘अन्यथासिद्ध’ ठरवून बाजूला काढले. सान्निध्य म्हणजे कारणत्व नव्हे.

धातुशास्त्रातील एक दाखला येथे उद्बोधक ठरतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्कराची, पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत. घडणीच्या वेळी पितळात राहून गेलेला ताण आणि घोड्यांच्या मुतामुळे दमट हवेत मिसळणारा अमोनिया यांच्या संयोगाने असे घडते, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. नटाचेही असेच होऊ शकते. गळती राहू नये म्हणून पान्याने दिलेला एक जादा पीळ आणि स्वच्छतेसाठी वापरलेले अमोनियायुक्त द्रावण, या दोहोंमागे काळजीच असते. घात होतो तो त्यांच्या संयोगाने.

मग दोष कोणाचाच नाही काय? तसे म्हणणे ही पळवाट होईल. घडणीनंतर पितळ बेताने तापवले तर त्यात राहिलेला ताण निवळतो. हे ज्ञान आणि हे साधन कारखानदारापाशी असते. नट किती आवळावा हे सांगणेही त्याच्याच हाती असते. दायित्वाचे माप सान्निध्यावरून नव्हे, तर ज्ञान आणि सामर्थ्य यांवरून ठरावयास हवे. प्लंबरच्या वाट्याला त्यातले जेवढे येते, तेवढाच त्याचा दोष.

म्हणून फुटलेला नट जपून ठेवून त्याची भेग तपासणे ही केवळ तांत्रिक बाब नाही. ती न्यायाची पूर्वअट आहे. तो फेकला गेला की उरतो तो कोप; आणि कोपाला सर्वांत जवळचा माणूस सापडतो, जो बहुधा सर्वांत दुबळाही असतो.